उपवासाची बियर

उपवासकाळात पोटाला आधार व्हावा म्हणून मठवासी बंधू दाट, कडक बियर तयार करीत आणि ती प्रार्थनेच्या मधल्या वेळात पीत, असे गुरुविद्यालयातील दिवसांत आम्हांला कुणी सांगितले असते, तर आम्ही ते थट्टेवारी नेले असते. चर्चच्या इतिहासाच्या तासाला आम्ही महासभांची साले पाठ केली, पाखंडमतांची जंत्री घोकली. परंतु मठांच्या तळघरांतील पिंपांविषयी आमच्या प्राध्यापकांनी अवाक्षर काढले नाही. ते ज्ञान आम्हांला पन्नाशी उलटल्यावर, बव्हेरियातील एका खेड्यातल्या धर्मगुरुनिवासात, जेवणाच्या टेबलावर मिळाले.

आरंभीच एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. आमचे बालपण दारूच्या वासात गेले. आमचे वडील कष्टाळू होते, वाडीत राबत आणि रविवारी मिस्सा चुकवीत नसत. पण सायंकाळी ते ज्या वाटेने घरी येत, त्या वाटेवर गुत्ता होता. अंगणात त्यांच्या पावलांचा आवाज येण्याआधी तो वास येई आणि आई आम्हां भावंडांना आतल्या खोलीत पिटाळी. म्हणून गुरुदीक्षेच्या आदल्या रात्री आम्ही मनाशी निश्चय केला होता की, वेदीवरील द्राक्षारसाखेरीज मद्याचा थेंब ओठांना लावायचा नाही. ते व्रत नव्हते, निश्चय होता. या दोहोंतला भेद आम्हांला नीतिशास्त्राच्या तासाला नीट शिकवलेला होता. तरीही पंचवीसहून अधिक वर्षे आम्ही तो व्रतासारखाच पाळला. धर्मग्रामातील लग्नांत हातात सरबताचा पेला घेऊन फिरणारे फादर म्हणून आमची ख्याती झाली. त्या ख्यातीचा आम्हांला थोडा अभिमानही होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

काही वर्षांपूर्वी महागुरुस्वामींच्या अनुमतीने आम्ही अभ्यासरजेवर म्युनिकपासून तासाभराच्या अंतरावरील एका धर्मग्रामात काही महिने राहिलो. तेथील धर्मगुरू आमच्याहून वयाने वडील. तीन गावांची तीन देवळे एकट्याने सांभाळीत. त्यांचा भार हलका करायचा, मिस्सा व आजाऱ्यांना भेटी यांत हातभार लावायचा आणि उरलेल्या वेळेत अभ्यास करायचा, अशी आमची व्यवस्था होती. उपवासकाळ चालू होता. बाहेर बर्फ वितळत होते आणि रस्त्याकडेचे क्रूस ओले दिसत होते.

१९ मार्च उजाडला, संत योसेफाचा सण. बव्हेरियात वाढदिवसापेक्षा नामदिनाचे कौतुक जुन्या लोकांना अधिक. देवळाच्या वृद्ध साक्रिस्तानांचा तो नामदिन होता. सायंकाळच्या मिस्सानंतर वडील धर्मगुरूंनी त्यांना व आम्हांला जेवावयास बसवले. राईची काळी भाकर, चीज, मुळ्याच्या चकत्या असा साधा बेत. मग त्यांनी तळघरातून अर्ध्या लिटरच्या दोन तपकिरी बाटल्या आणि सफरचंदाच्या रसाची एक बाटली आणली. बियरच्या बाटल्यांवर नाव होते 'साल्व्हाटोर'. साल्व्हाटोर म्हणजे तारणारा! तारणाऱ्याचे नाव बियरच्या बाटलीवर पाहून आम्ही क्षणभर स्तब्ध झालो.

"फादर, ही उपवासाची बियर," यजमान हसून म्हणाले. "वर्षातून एकदा तरी घ्यायची असते. तुम्ही घेत नाही हे मला ठाऊक आहे. पाहिजे तर रस घ्या."

त्यांनी आग्रह केला नाही, हीच आमची अडचण झाली. आग्रह झाला असता तर आम्ही सवयीने नकार दिला असता. प्रभूने शिष्यांना गावोगाव धाडताना सांगितले होते की, ज्या घरी जाल तेथे पुढ्यात येईल ते खा. आम्ही पुढ्यातील बाटलीकडे पाहिले, निश्चय आणि व्रत यांतील भेद पुन्हा एकदा आठवला आणि म्हणालो, "दोन बोटे ओता."

आता चवीविषयी. आम्ही काही जाणकार नव्हे. आयुष्यात जेमतेम दोनदा ही बियर चाखलेल्या माणसाची साक्ष समजून वाचकांनी पुढील ओळी वाचाव्यात.

रंग प्रथम नजरेत भरला. बियर म्हणजे पिवळी, ही आमची समजूत. ही मात्र दिव्यासमोर धरली तेव्हा जुन्या शिसवी लाकडासारखी तांबूस-तपकिरी आणि तळापर्यंत स्वच्छ दिसली. वर आलेला फेस पांढरा नव्हता, तर दुधाच्या सायीवर चहाचे दोन थेंब पडावेत तसा. पेला नाकाजवळ नेताना आम्ही श्वास रोखून धरला, कारण आम्हांला त्या जुन्या वासाची, अंगणातल्या वासाची भीती होती. तो वास आला नाही. आला तो बेकरीचा वास. भट्टीतून नुकत्याच काढलेल्या पावाच्या करपट कडेचा. त्याच्या मागोमाग काकवी आणि तिच्याही मागून ओळखीचे काहीतरी, जे लवकर आठवेना. मग एकदम उमगले: सुकेळी! आमच्या वसईत राजेळी केळी उन्हात वाळवून पानात बांधून ठेवतात, त्या गाठोड्याची दोरी सोडताना जो गोड, दाट, किंचित आंबूस दरवळ येतो, तो बव्हेरियातील त्या पेल्यातून आम्हांला आला.

पहिला घोट जिभेवर जड वाटला. पाण्यासारखा तो वाहून गेला नाही, पेजेसारखा रेंगाळला. आधी गोडी, पण साखरेची नव्हे, चावून चावून खाल्लेल्या भाकरीची असते तशी. मग सुके अंजीर, खजूर, भाजलेल्या शेंगेच्या सालाची पुसट चव. गोडी जड होणार असे वाटत असतानाच जिभेच्या मुळाशी कडू रेघ उमटली आणि तिने सारे आवरते घेतले. ती हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांची करामत, असे यजमानांनी सांगितले. घोट उतरल्यावर छातीत मंद ऊब पसरली. थंडीतून येऊन चुलीपाशी हात शेकावेत तशी ती होती. घसा जाळणारी आग नव्हती. पेला हळूहळू उबदार होऊ लागला तसा पावाचा वास मागे सरला आणि मनुकांचा पुढे आला. घाईने पिण्याचे हे पेय नव्हेच.

"म्हणून हिला द्रवरूप भाकर म्हणतात," यजमान म्हणाले.

ही भाकर कशी बनते, हे त्यांनी आम्हांला त्याच बैठकीत समजावून दिले. नाचणीला मोड आणून सत्त्व काढणाऱ्या आमच्या आयाबायांना ते ऐकताक्षणी कळले असते. जव भिजवून त्याला मोड आणतात आणि मोड आलेले धान्य भट्टीत वाळवतात. जितकी भट्टी तापलेली, तितका रंग व वास गडद. मग ते भरडून कोमट पाण्यात भिजवतात, म्हणजे धान्यातील पिठूळपणाची साखर होते. जुन्या बव्हेरियन रीतीत या कालवणाचा काही भाग बाजूला काढून उकळतात आणि पुन्हा मूळ भांड्यात ओततात. या उकळण्यातूनच ती पावाच्या कडेची चव येते. गाळलेल्या रसात हॉप्स घालून तो उकळतात, थंड करतात, यीस्ट घालून थंडीतच आंबू देतात आणि मग गोठणबिंदूच्या आसपास कित्येक आठवडे मुरवत ठेवतात. बॉक बियरला भरपूर धान्य लागते. आंबण्यापूर्वीच्या शंभर ग्रॅम रसात धान्यातून उतरलेला ऐवज किमान सोळा ग्रॅम असेल तर ती बॉक, आणि अठरा असेल तर दुप्पट बॉक, म्हणजे 'डॉपेलबॉक'. साल्व्हाटोरमध्ये तो अठराच्या किंचित वर असतो आणि मद्यार्काचे प्रमाण ७.९ टक्के. तिथल्या नेहमीच्या फिक्या बियरमध्ये ते पाचाच्या आसपास असते. म्हणजे ही बियर जितकी पोट भरते तितकीच डोकेही फिरवू शकते. वाचकांनी हा आकडा विसरू नये. पुढे त्याची गरज पडणार आहे.

बॉक हा शब्दही मजेदार आहे. जर्मनीच्या उत्तर भागात आइनबेक नावाचे व्यापारी शहर आहे. चौदाव्या शतकापासून तेथील बियर दूरदूरच्या बाजारांत जाई. म्युनिकच्या दरबारालाही ती इतकी आवडे की खर्च परवडेना. तेव्हा ड्यूक पाचवे विल्हेल्म यांनी १५८९ साली स्वतःचा बियरचा कारखाना काढला. तेच आजचे सुप्रसिद्ध हॉफब्रॉयहाउस. पुढे सतराव्या शतकाच्या आरंभी खुद्द आइनबेकहून एक कसबी ब्रूमास्टर आणवला गेला. बव्हेरियन लोकांच्या बोलीत आइनबेकचे 'आइनपॉक' झाले आणि त्यातून 'आइन बॉक' असे ऐकू येऊ लागले. जर्मन भाषेत त्याचा अर्थ 'एक बोकड'! म्हणून बॉक बियरच्या बाटल्यांवर अद्यापि शिंगे उगारलेले बोकड दिसतात. बॉक आणि बोकड हे शब्द कानाला किती जवळचे आहेत, हे आम्ही यजमानांना सांगितले तेव्हा ते मनापासून हसले.

बोकडाचा तारणारा कसा झाला, ही कथा मात्र मठातली आहे. इटलीच्या दक्षिणेकडील पावला गावी १४१६ साली जन्मलेले संत फ्रान्सिस हे कठोर तपस्वी होते. त्यांनी स्थापन केलेल्या संघाच्या सभासदांनी दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन या तीन व्रतांच्या जोडीला चौथे व्रत घ्यायचे असे: आजन्म उपवासकाळ. मांस नाही, अंडी नाहीत, दूध, लोणी, चीज काही नाही. आपल्याला चाळीस दिवस जड जातात. या बंधूंना आयुष्यभर राखेचा बुधवार. संघसंस्थापकांनी देह ठेवला तो दिवसही २ एप्रिल १५०७, त्या वर्षीचा उत्तम शुक्रवार. त्यांच्या गावावरून या बंधूंना जर्मनीत पाउलानर म्हणत. १६२७ साली ते म्युनिकच्या वेशीबाहेर आउ या वस्तीत आले. बव्हेरियातील थंडी, कष्टाची कामे आणि ताटात ना दूध ना अंडे. अशा वेळी धान्याचा सारा कस पेल्यात उतरवण्याची युक्ती त्यांनी काढली. द्रवपदार्थाने उपवास मोडत नाही, असे नीतिशास्त्राचे एक जुने लॅटिन सूत्र आहेच. ते आम्ही गुरुविद्यालयात शिकलो होतो. त्याचा असा उपयोग मात्र सुचला नव्हता.

त्यांच्या बियरचा सर्वांत जुना लेखी पुरावा १६३४ सालचा आहे आणि तो आहे तक्रारीच्या रूपात. मठाची बियर लोकांना विकली जाते आणि आमचा धंदा बुडतो, अशी शहरातील व्यावसायिकांनी नगरसभेकडे केलेली ती तक्रार. यावरून बियर उत्तम होती, एवढे निश्चित समजावे. संत फ्रान्सिस यांच्या सणाला खास कडक बियर काढीत. तिला 'पवित्र पित्याची बियर' म्हणत आणि लोकांच्या तोंडी त्याचेच साल्व्हाटोर झाले, असे सांगतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बार्नाबास नावाच्या बंधूंनी तिची कृती पक्की केली आणि १७८० साली ती खुलेपणाने विकण्याची परवानगी मिळाली. पुढे नेपोलियनच्या धामधुमीच्या काळात, १७९९ साली, मठ बंद झाला, बंधू पांगले, बियर तेवढी उरली. झाखर्ल नावाच्या व्यावसायिकाने ती पुढे चालवली. इतर कारखानदारही आपल्या कडक बियरला साल्व्हाटोर म्हणू लागले, तेव्हा १८९६ साली ते नाव कायद्याने राखून घेण्यात आले. मग इतरांनी नुसती शेपटी उचलली: मॅक्सिमाटोर, ऑप्टिमाटोर, ट्रिउम्फाटोर, सेलेब्राटोर! म्युनिकच्या नोकरबेर्ग टेकडीवर उपवासकाळात कडक बियरचा उत्सव भरतो आणि तेथे राज्यकर्त्यांना त्यांच्या तोंडावर चिमटे काढणारे भाषण होते. पुढच्या रांगेत बसून ते हसत ऐकणे हा तिथल्या पुढाऱ्यांचा एक प्रकारचा प्रायश्चित्तविधीच म्हणायचा.

एक दंतकथाही यजमानांनी सांगितली. अशी पौष्टिक बियर उपवासात चालते काय, अशी मठवासीयांच्या मनाला टोचणी लागली. त्यांनी एक पिंप रोमला धाडले. आल्प्स पर्वत ओलांडून, इटलीच्या उन्हात हिंदकळत ते पोपमहोदयांपुढे पोहोचले तोवर आतली बियर पार नासली होती. पोपमहोदयांनी घोट घेतला, तोंड वाकडे केले आणि म्हणाले, "हे पिणे हेच प्रायश्चित्त आहे, खुशाल प्या!" ही कथाच आहे, इतिहास नव्हे. परंतु आपल्याच पळवाटेवर हसणारी मठवासी मंडळी आम्हांला जवळची वाटली.

या हसण्याखिदळण्यात एक गोष्ट आमच्या लक्षात फार उशिरा आली. ज्यांचा नामदिन होता, त्या साक्रिस्तानांच्या पुढ्यात सफरचंदाचा रस होता. बियरच्या दोन्ही बाटल्या यजमानांनी टेबलाच्या आपल्या टोकाला ठेवल्या होत्या. आम्हांला वाटले, वयामुळे वैद्याने मनाई केली असेल. आम्ही सहज म्हणालो, "आपल्या सणाला आपणच घेत नाही?"

वृद्ध गृहस्थांनी पेला खाली ठेवला. ते शांतपणे म्हणाले, "फादर, मी माझ्या वाटणीची पिऊन संपवली आहे. घर गेले, नोकरी गेली, बायको मुलांना घेऊन माहेरी गेली. एकवीस वर्षे झाली, मी घेत नाही. इतरांच्या पेल्यात ती भाकर असेल. माझ्या पेल्यात नाही."

टेबलावर क्षणभर कुणी बोलले नाही. मग त्यांनीच सांगितले. त्यांना सावरले ते 'क्रॉयत्सबुंड' या संस्थेच्या मंडळाने. क्रॉयत्सबुंड म्हणजे क्रूससंघ. आखेन शहरात १८९६ साली योसेफ नॉयमान या धर्मगुरूंनी व्यसनात सापडलेल्यांसाठी त्याचा पाया घातला. त्याच्या मंडळांत व्यसनी माणसाबरोबर त्याच्या घरच्यांनाही बसवतात, एकमेकांची हकीगत ऐकतात. आम्ही मनाशी सालांची जुळणी केली. ज्या वर्षी साल्व्हाटोरचे नाव कायद्याने राखून घेतले गेले, त्याच वर्षी हा संघही जन्मास आला. बियर हे जेथे अन्न मानले जाते, त्याच देशात तिच्यामुळे उद्ध्वस्त झालेल्यांसाठी चर्चने असे घर बांधले होते.

"तुम्हांला कोणी बोलावले मंडळात?" आम्ही विचारले.

त्यांनी यजमानांकडे बोट दाखवले. "ह्यांनी. मी मिस्साला पिऊन आलो होतो. त्यांनी मला बाहेर काढले नाही. मिस्सा संपल्यावर माझ्या शेजारी येऊन बसले. पुढच्या गुरुवारी स्वतःच्या मोटारीतून घेऊन गेले."

आमचा पेला अर्धा भरलेला होता. तो आम्ही तसाच ठेवला. कुणालाही ते खटकले नाही.

पुढच्या आठवड्यात एके दिवशी यजमान आम्हांला आंडेक्सला घेऊन गेले. हेर्शिंग या स्थानकापर्यंत आगगाडी, तेथून झऱ्याकाठच्या रानातून तासाभराची चढण. आमरझे सरोवराच्या वर पवित्र डोंगरावर बेनेडिक्टाइन मठ आहे. १४५५ साली येथे बेनेडिक्टाइन मठवासी आले. शतकानुशतके भाविक येथील पवित्र अवशेषांच्या दर्शनाला चालत येतात. देवळात मेणबत्त्या, नवसाच्या पाट्या. आणि बाहेर पडताच पायऱ्यांखाली मठाची बियर. आमच्याकडे यात्रेनंतर सुखडी आणि चणे, तसे तेथे हे.

आंडेक्सची गडद डॉपेलबॉक आम्ही दुसऱ्यांदा व शेवटची चाखली, तीही यजमानांच्या पेल्यातून चार घोट. हिच्यात मद्यार्क ७.१ टक्के. साल्व्हाटोरपेक्षा ही अधिक गडद आणि जिभेला मऊ वाटली. पावाऐवजी भाजलेल्या कोकोचा आणि जळत्या साखरेचा वास पुढे होता, आणि शेवट गोड न राहता कोरडा झाला. दोहोंत आवडनिवड सांगायची तर आम्ही साल्व्हाटोरकडे झुकू. कदाचित सुकेळ्यांमुळे असेल.

तथापि आंडेक्सची जी गोष्ट आमच्या मनात राहिली ती चवीची नव्हे. हा मठ म्युनिकमधील संत बोनिफास मठाशी जोडलेला आहे. दोन्ही मिळून एकच कुटुंब. शहरातील त्या मठात बेघरांना जेवण मिळते, कपडे मिळतात, आजारपणात डॉक्टर तपासतात. डोंगरावरच्या बियरच्या मिळकतीतून मठाचे काम चालते. त्या बेघरांच्या रांगेत दारूने घर गमावलेले लोकही असणारच. एका हाताने बियर ओतायची आणि दुसऱ्या हाताने तिच्यात बुडालेल्याला सावरायचे, यात विसंगती नाही काय? परतीच्या वाटेवर आम्ही यजमानांना विचारले. ते बराच वेळ चालत राहिले. मग म्हणाले, "आहे. म्हणूनच तो दुसरा हात कधी काढून घ्यायचा नाही."

आम्ही तो दुसरा हात काढून घेतला होता. ते आता सांगितले पाहिजे.

बव्हेरियाला जाण्यापूर्वी दोन-तीन वर्षांची गोष्ट. आमच्या धर्मग्रामात लग्नाचा मिस्सा होता. नवऱ्यामुलाचे वडील वेदीजवळ आशीर्वादासाठी आले तेव्हा त्यांच्या तोंडाला वास येत होता. तोच वास. आमच्या मस्तकात कळ गेली. सर्व वऱ्हाडापुढे आम्ही त्यांना म्हणालो, "अशा तोंडाने वेदीपाशी यायचे नाही. बाहेर जाऊन उभे राहा." ते गेले. मुलाच्या लग्नाचा मिस्सा त्यांनी देवळाच्या मांडवात उभे राहून ऐकला. पुढच्या रविवारी आम्ही मद्यपानावर प्रवचन केले आणि लोकांनी त्याची वाखाणणी केली. ते गृहस्थ मात्र त्यानंतर मिस्साला आले नाहीत. आमच्या मनाला ते बोचले नाही असे नाही. पण चूक त्यांची, तर पाऊलही त्यांनीच उचलावे, असे आम्ही स्वतःला समजावले होते. आम्ही त्या माणसाशी बोललोच नव्हतो. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी अंगणात उभ्या असलेल्या दुसऱ्याच एका माणसाशी बोललो होतो.

परतल्यावर पहिल्याच आठवड्यात आम्ही त्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते. आम्हांला पाहून उठू लागले, तेव्हा आम्हीच शेजारी बसलो. क्षमा मागण्याचे शब्द आम्ही वाटेत जुळवले होते, ते निम्मेच बोलता आले.

ते म्हणाले, "फादर, मी पिऊन आलो होतो, ते खरं. तुम्ही बाहेर काढलंत त्याचं मला काही नाही. पण तीन वर्षं झाली, परत आत ये म्हणायला कोणी आलं नाही."

आतून त्यांच्या पत्नीने चहा आणला. आम्ही तो घेतला. मग आम्ही त्यांना आपल्या वडिलांविषयी सांगितले, जे आजवर कुठल्याच प्रवचनात सांगितले नव्हते.

त्यांची दारू सुटली, असे येथे लिहिता आले असते तर बरे वाटले असते. ती पूर्ण सुटलेली नाही. पण दर गुरुवारी सायंकाळी आमच्या सभागृहाच्या मागच्या खोलीत सात-आठ माणसे गोलात बसतात, काहींच्या बायकाही येतात, आणि ते गृहस्थ बहुतेक गुरुवारी त्यांत असतात. रविवारी देवळात त्यांची जागा मागच्या खांबापाशी आहे. कधी वास येतो, कधी येत नाही. मिस्सानंतर आम्ही त्यांच्याशेजारी जाऊन बसतो.

लग्नांत आम्ही पूर्वीसारखाच सरबताचा पेला घेतो. मात्र आता त्याचा अभिमान वाटत नाही. ज्यांना मर्यादेत घेता येते, त्यांनी आनंदाने घ्यावे आणि देवाचे आभार मानावेत. चर्चच्या जुन्या आशीर्वादग्रंथात बियरसाठीही एक आशीर्वाद आहे, हे आम्हांला आता ठाऊक आहे. पण आपल्या मांडवात यजमानांनी सरबताचे पेलेही तितक्याच मानाने फिरवावेत आणि 'एकाने काय होते' हा आग्रह कुणी करू नये. एकाने काय होते, हे काही घरांना फार चांगले ठाऊक असते.

चर्चच्या नियमानुसार साठावे वर्ष लागेपर्यंत उपवास बंधनकारक आहे. म्हणजे आमचे अजून काही उपवासकाळ उरले आहेत. १९ मार्चला आम्ही बव्हेरियातील त्या साक्रिस्तानांना पत्र धाडतो. गेल्या वर्षी पत्रासोबत सुकेळ्यांचे एक लहान गाठोडे पाठवले. त्यांचे उत्तर आले, त्यात लिहिले होते की दोरी सोडताच घरभर साल्व्हाटोरचा वास सुटला, आणि या वेळी त्यांना तो पोटभर खाता आला.